इंग्लंडमधील तातडीची रस्तादुरुस्ती: काउन्सिलची सूचना कुठे शोधावी आणि कशी वाचावी

इंग्लंडमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबांची बहुधा अशी समजूत असते की इथली काउन्सिल, म्हणजे स्थानिक प्रशासन, रस्त्याला हात लावण्यापूर्वी प्रत्येक घरी पत्र टाकते. ठरवून केलेल्या कामांच्या बाबतीत ही समजूत बऱ्याच अंशी खरी ठरते. उन्हाळ्यात रस्त्यावर डांबर आणि बारीक खडीचा नवा थर द्यायचा असेल, तर आधी पत्र येते, दिव्यांच्या खांबांवर पाट्या लागतात आणि कोणत्या दिवशी गाड्या हलवायच्या तेही सांगितले जाते. जलवाहिनी फुटली, गॅसची गळती झाली किंवा रस्त्याचा एखादा भाग खचला, तर मात्र यातले काहीच आधी होत नाही, कारण अशा वेळी कायद्याने ज्यांना कळवणे बंधनकारक आहे त्यांच्या यादीत सामान्य रहिवासी नसतो. सूचना निघते, पण ती सरकारी नोंदवहीत जाते आणि रस्त्यावरच्या पाटीवर लागते. ती तिथून आपल्यापर्यंत कशी आणायची, हे एकदा समजून घेऊन अर्ध्या तासात सगळी व्यवस्था लावून ठेवता येते. पुढील माहिती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंडमध्ये रस्त्यांच्या कामांची नोंदवही निराळी आहे आणि उत्तर आयर्लंडमध्ये तर रस्ते काउन्सिलकडे नसून तिथल्या सरकारच्या खात्याकडे आहेत.

पहिली पायरी: आपला रस्ता नेमका कोणाचा

काउन्सिल टॅक्सचे बिल ज्या काउन्सिलकडून येते, तिच्याकडेच रस्ता असतो असे नाही. वॉटफर्डमध्ये राहणाऱ्याच्या घरचा कचरा वॉटफर्ड बरो काउन्सिल उचलते, पण घरासमोरचा रस्ता हर्टफर्डशर काउंटी काउन्सिलच्या ताब्यात असतो. स्लाव किंवा रेडिंगमध्ये एकच काउन्सिल दोन्ही कामे पाहते. लंडनमध्ये हॅरो, हाउन्स्लो, ब्रेंट अशा बरो काउन्सिली आपापल्या हद्दीतले बहुतेक रस्ते सांभाळतात; कडेला लाल रेघा असलेले मोठे रस्ते मात्र ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’कडे असतात. मोटरवे आणि काही प्रमुख ए-रस्ते ‘नॅशनल हायवेज’ या सरकारी कंपनीकडे आहेत.

नव्या वसाहतीत घर घेतलेल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. बिल्डरने बांधलेले रस्ते काउन्सिलने रीतसर ताब्यात घेईपर्यंत, म्हणजे इथल्या भाषेत ‘अडॉप्ट’ करेपर्यंत, त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी काउन्सिलवर येत नाही. असे काही रस्ते कायमचेच खाजगी राहतात आणि त्यांचा खर्च मॅनेजमेंट कंपनी रहिवाशांकडून वसूल करते. तिथल्या कामांची सूचना काउन्सिलच्या यंत्रणेत शोधून सापडणार नाही. ती मॅनेजमेंट कंपनीच्या ईमेलमध्ये किंवा इमारतीच्या फलकावर असते. काउन्सिलने सांभाळायच्या रस्त्यांची यादी ठेवणे १९८० च्या हायवेज ॲक्टनुसार बंधनकारक आहे आणि बहुतेक काउन्सिली ती नकाशासह ऑनलाइन देतात. घर भाड्याने घेतानाच ही यादी पाहिली तर पुढची बरीच फोनाफोनी वाचते.

दुसरी पायरी: काम कोणत्या प्रकारचे आहे, त्यावर सूचना ठरते

घरासमोर खोदकाम दिसले की काउन्सिलला दोष देण्याची सवय आपण भारतातून बरोबर घेऊन येतो. इथे पुष्कळ वेळा खोदणारा दुसराच असतो: पाणी, गॅस, वीज किंवा ब्रॉडबँड पुरवणारी कंपनी. या कंपन्यांना रस्ता खोदण्याचा कायदेशीर अधिकार असतो आणि १९९१ च्या न्यू रोड्स अँड स्ट्रीट वर्क्स ॲक्टने त्याबरोबर कळवण्याचे व रस्ता पूर्ववत करण्याचे बंधनही घातले. इंग्लंडच्या बहुतेक भागांत आता त्यासाठी परमिट घ्यावे लागते.

कामांचे वर्ग ठरलेले आहेत. दहा दिवसांहून अधिक चालणाऱ्या किंवा रस्ता बंद करण्याचा आदेश लागणाऱ्या मोठ्या कामासाठी कंपनीला तीन महिने आधी प्राथमिक अर्ज करावा लागतो. चार ते दहा दिवसांच्या कामासाठी दहा दिवस आधी, आणि तीन दिवसांपर्यंतच्या किरकोळ कामासाठी तीन दिवस आधी. हे सर्व दिवस कामकाजाचे मोजायचे. या तिन्ही प्रकारांत रहिवाशाला आधी कळण्याची संधी असते.

चौथा वर्ग ‘इमीजिएट’ कामांचा आहे आणि आपला विषय तोच. त्यात दोन पोटप्रकार येतात. माणसांना किंवा मालमत्तेला धोका असेल तर ते ‘इमर्जन्सी’ काम. पुरवठा अचानक तुटला असेल किंवा तुटण्याच्या बेतात असेल तर ते ‘अर्जंट’ काम. या दोन्हींत कंपनी आधी काम सुरू करते आणि नंतर कळवते: काम सुरू झाल्यापासून दोन तासांच्या आत, आणि रात्री किंवा सुटीच्या दिवशी सुरू झाले असेल तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी सकाळी दहापर्यंत. शुक्रवारी रात्री अकराला घरासमोर जनरेटर सुरू झाला आणि रस्त्यांच्या कामांच्या ऑनलाइन नकाशावर (त्याची माहिती तिसऱ्या पायरीत आहे) काहीच दिसत नसेल, तर त्यामागे बहुधा हेच कारण असते. कळवायचे असते ते काउन्सिलच्या रस्ते विभागाला; रहिवाशाचे नाव त्यात कुठेही नसते.

काउन्सिल स्वतः खड्डा बुजवते तेव्हा तर एवढेही दिसत नाही. कर्मचारी येऊन खड्ड्याभोवती रंगाच्या फवाऱ्याने चौकोन आखून जातो आणि एखाद्या दिवशी ट्रक येऊन थोड्या वेळात डांबर भरून निघून जातो. तो चौकोन हीच तुमची सूचना. खड्डा पाहिला गेला आहे आणि काम यादीत लागले आहे, एवढे त्यावरून समजावे. किती खोल खड्डा किती दिवसांत बुजवायचा, हे प्रत्येक काउन्सिल आपल्या धोरणात ठरवते. अनेक ठिकाणी ४० मिलिमीटर खोली हा रस्त्यावरील खड्ड्याचा उंबरठा मानतात. मुदत मात्र रस्त्याच्या महत्त्वाप्रमाणे दोन तासांपासून काही आठवड्यांपर्यंत बदलते, त्यामुळे शेजारच्या बरोतल्या मित्राचा अनुभव आपल्या गल्लीला लागू होईलच असे नाही.

रस्ता पूर्ण बंद करायचा असेल तर १९८४ च्या रोड ट्रॅफिक रेग्युलेशन ॲक्टचे चौदावे कलम लागू होते. ठरवून बंद करायचा असल्यास काउन्सिलने आदेश काढण्यापूर्वी किमान सात दिवस स्थानिक वृत्तपत्रात सूचना छापावी लागते. ही सूचना वाचणारे आता फारसे उरलेले नाहीत, पण बहुतेक काउन्सिली तीच आपल्या वेबसाइटवरही टाकतात. तातडीच्या वेळी हे सात दिवस वगळून थेट नोटीस काढता येते. लोकांना धोका किंवा रस्त्याचे गंभीर नुकसान होण्याची शक्यता असेल तर ती २१ दिवसांपर्यंत, आणि केवळ कामासाठी असेल तर पाच दिवसांपर्यंत चालते. पोलीस आणि अग्निशमन दलाला तिची खबर दिली जाते. म्हणून नकाशावर ‘अर्जंट क्लोजर’ दिसले आणि मुदत २१ दिवसांची असली, तर रस्ता तीन आठवडे बंदच राहणार असे गृहीत धरू नये. ती कमाल मर्यादा असते आणि काम संपताच रस्ता उघडतात. उलटही घडते. सरे परगण्यातील गॉडस्टोन गावात १७ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री मुख्य रस्ता खचला, काउंटी काउन्सिलने ‘मेजर इन्सिडंट’ जाहीर केला आणि सुमारे ३० घरांतील लोकांना बाहेर पडावे लागले. तिथे रस्ता पूर्ववत व्हायला आठवडे नव्हे, महिने लागले.

तिसरी पायरी: सूचना आपल्याकडे वळवून घ्या

इंग्लंडभरातील परमिटची सगळी माहिती २०२० पासून ‘स्ट्रीट मॅनेजर’ या केंद्रीय परिवहन खात्याच्या यंत्रणेत जमा होते. सामान्य माणूस त्यात थेट डोकावत नाही. पण त्यातली माहिती खुली असल्याने नकाशे दाखवणाऱ्या सेवा ती उचलतात. त्यांपैकी ‘वन डॉट नेटवर्क’ हा नकाशा सर्वाधिक वापरला जातो आणि अनेक काउन्सिली आपल्या वेबसाइटवरून त्याचाच दुवा देतात. आपला पोस्टकोड टाकून तारखांची मुदत दोन आठवड्यांची ठेवावी. चिन्हावर क्लिक केले की काम कोण करत आहे, कशासाठी, कोणत्या तारखांत, दिव्यांनी वाहतूक नियंत्रित होणार की रस्ता पूर्ण बंद, एवढे सगळे दिसते. बंद रस्त्याला पर्यायी मार्ग दिलेला असल्यास तोही नकाशावर उमटतो. शाळेत पोहोचायला उशीर झाल्यावर हे पाहण्यापेक्षा रविवारी संध्याकाळी एकदा नजर टाकलेली बरी.

याच नकाशावर खाते उघडून आपल्या भागाचे वर्तुळ किंवा रस्ता निवडला, की नवे काम नोंदले जाताच ईमेल येतो. वर्तुळ लहान ठेवावे: घर, शाळा, स्टेशन आणि त्यांना जोडणारे दोन-तीन रस्ते. संपूर्ण बरो निवडणाऱ्याला इतके ईमेल येतात की तो आठवड्याभरात ते सगळे न वाचताच पुसू लागतो. खोदकाम सुरू झाल्यावर दोन तासांनी झालेली नोंदही या मार्गाने कळते, त्यामुळे दिवसा फुटलेल्या पाइपची बातमी संध्याकाळी निघण्यापूर्वी हाताशी असते; रात्री फुटलेल्या पाइपची नोंद मात्र पुढच्या कामकाजाच्या दिवशी सकाळी दहापर्यंतही येऊ शकते.

यानंतर काउन्सिलच्या स्वतःच्या ईमेल बातमीपत्राची नोंदणी करावी. त्यात रस्त्यांबरोबर कचऱ्याच्या वेळा, पूर आणि बर्फाच्या सूचनाही येतात. काउन्सिलचे समाजमाध्यमांवरील खाते अनुसरावे. वॉर्डातील नगरसेवकही अशा वेळी बरेच उपयोगी पडतात, कारण मोठ्या कामाची माहिती त्यांना सहसा आधी दिलेली असते. आपल्या लोकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप सर्वांत जलद असतात हे मान्य. परंतु तिथे आलेला फोटो कोणत्या दिवशीचा आहे हे विचारल्याशिवाय गाडी वळवू नये.

घरात तान्हे बाळ, वृद्ध आईवडील किंवा आजारी व्यक्ती असेल तर आणखी एक नोंदणी आजच करावी, आणि ही नोंदणी काउन्सिलकडे करायची नाही. पाणी, वीज आणि गॅस कंपन्या ‘प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर’ ठेवतात. त्यात नाव असल्यास पुरवठा खंडित होताना वेगळा निरोप येतो आणि पाणी बंद पडल्यास बाटल्या घरपोच देण्याची सोय होते. नोंदणी विनामूल्य असते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांचीही तेवढ्या काळापुरती गरज कंपनीला सांगता येते. ठरवून चार तासांहून अधिक वेळ पाणी बंद ठेवायचे असल्यास कंपनीने ४८ तास आधी लेखी कळवायचे असते. फुटलेल्या जलवाहिनीला हा नियम लागू होत नाही, आणि म्हणूनच हे रजिस्टर महत्त्वाचे.

चौथी पायरी: पाटी नीट वाचा

कामाच्या जागी लाल-पांढरे अडथळे, लाल त्रिकोणातली फावडेवाल्या माणसाची खूण आणि एक माहितीफलक असतो. आपल्याला हवे असते ते या फलकावर. काम कोणत्या संस्थेचे आहे हे त्यावर लिहिलेले असते, खाली चोवीस तास चालणारा फोन नंबर असतो, आणि परमिट योजना असलेल्या भागात परमिटचा क्रमांकही असतो. फलकाचा फोटो काढून ठेवावा. हा क्रमांक हाती असला की काउन्सिलच्या माणसाला ‘पोस्ट ऑफिसच्या पुढे उजवीकडे’ वगैरे समजावत बसावे लागत नाही. तो थेट नोंद उघडून पाहतो. फलकच नसेल किंवा उलटा पडलेला असेल, तर तेवढ्यावरही तक्रार करता येते, कारण तो लावणे ही सुरक्षेच्या नियमांतील अट आहे.

काही पाट्यांचा अर्थ नवख्याला चकवतो. ‘रोड अहेड क्लोज्ड’ म्हणजे पुढे कुठेतरी रस्ता बंद आहे. बंद जागेच्या अलीकडे तुमचे घर असेल तर तिथपर्यंत जाता येते. ‘ॲक्सेस ओन्ली’ असेल तर त्या रस्त्यावर राहणाऱ्यांना आणि तिथे काम असणाऱ्यांना जाऊ देतात, पलीकडे पार होण्यासाठी मात्र तो वापरता येत नाही. ‘रोड क्लोज्ड’ची पाटी आणि आडवे अडथळे लागले असतील तर परत फिरावे. मोठे रस्ते बंद झाल्यावर पिवळ्या चौकटीत काळे चौकोन, त्रिकोण, वर्तुळ किंवा हिरा अशा खुणा दिसतात. प्रत्येक पर्यायी मार्गाला एक खूण नेमलेली असते आणि सुरुवातीला दिसलेली खूण शेवटपर्यंत धरून चालायची असते. हा मार्ग मोबाइलवरील नकाशापेक्षा लांबचा वाटतो, कारण तो अवजड वाहनांनाही झेपेल असा निवडलेला असतो.

फलकावर काम संपण्याची तारीख होऊन गेली आणि खड्डा तसाच, माणूस एकही नाही, असे दृश्य वारंवार दिसते. त्याला कधी खरोखर दिरंगाई कारणीभूत असते. कधी काँक्रीट वाळायचे असते, कधी डांबर टाकणारी तुकडी वेगळी असते, तर कधी गॅसच्या गळतीनंतर जमिनीत साठलेला वायू निघून जाण्यासाठी खड्डा मुद्दाम उघडा ठेवलेला असतो. नकाशावर मुदत वाढवल्याची नोंद आहे का ते पाहावे. ती नसेल तर मात्र काउन्सिलला जरूर कळवावे. तात्पुरते बुजवलेले काम सहा महिन्यांच्या आत कायमस्वरूपी करणे कंपनीवर बंधनकारक असल्याने तीच जागा पुन्हा उकरलेली दिसली तरी लगेच चिडू नये. कायमस्वरूपी बुजवल्यानंतर दोन वर्षांत ती जागा खचली, तर दुरुस्ती कंपनीच्याच खर्चाने होते. खोल खोदकामासाठी ही हमी तीन वर्षांची असते.

पाचवी पायरी: गाडी, कचरा, बस

खरा आर्थिक फटका बसतो तो पार्किंगमध्ये. रस्त्यावर रहिवासी परमिट घेऊन गाडी लावणाऱ्यांना वाटते की परमिट आहे म्हणजे जागा आहे. कामासाठी काउन्सिल ती जागा ठराविक दिवसांपुरती ‘सस्पेंड’ करू शकते आणि त्याची पाटी शेजारच्या खांबावर लागते. त्या पाटीवर तारखा, वेळ आणि नेमकी कोणती जागा एवढेच असते. घरी पत्र येईलच असे नाही. त्या काळात उभी असलेली गाडी दंडाला पात्र ठरते आणि उचलूनही नेली जाते. शाळेच्या सुटीत पाच-सहा आठवडे भारतात जाणाऱ्या कुटुंबांनी म्हणून गाडी रस्त्यावर सोडून जाऊ नये. दुसरा इलाज नसेल तर किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी, त्याचा विमा ती गाडी चालवण्यास चालतो ना हे आधी पाहावे आणि आठवड्यातून एकदा खांबावरची पाटी बघायला सांगावे. नकाशाचे ईमेल नाशिकला बसूनही वाचता येतात, हाही एक फायदा.

गाडी जागेवर नसेल तर ती चोरीला गेली असे समजून पोलिसांना फोन करण्यापूर्वी लंडनमध्ये ‘ट्रेस’ या सेवेवर गाडीचा नंबर टाकून पाहावा. कामासाठी गाडी जवळच्या गल्लीत हलवली असेल तर ते तिथे कळते. दंडाची नोटीस आलीच तर १४ दिवसांत भरल्यास रक्कम निम्मी होते. परंतु गाडी लावली त्या वेळी पाटी नव्हती असे तुम्हाला वाटत असेल, तर पैसे भरण्याआधी हरकत नोंदवावी आणि पाटी कधी लावली याचा पुरावा मागावा. एकदा दंड भरला की तो मान्य केल्यासारखे होते.

रस्ता बंद असताना कचऱ्याची गाडी आत येऊ शकत नाही. डबे बंद जागेच्या तोंडाशी नेऊन ठेवायला सांगतात किंवा फेरी पुढे ढकलतात. बसथांबा बंद असेल तर तसे थांब्यावरच लिहिलेले असते. घरी रोज येणारी परिचारिका किंवा डायलिसिसला नेणारी रुग्णवाहिका असेल, तर फलकावरच्या नंबरवर फोन करून कामाच्या मुकादमाला तसे सांगावे. अडथळे हलवून वाट काढून देणे त्यांना जमते, मात्र आधी माहीत असायला हवे.

सहावी पायरी: सूचना तुम्हीही देऊ शकता

रस्ता खचतो आहे, मॅनहोलचे झाकण निघाले आहे, दिव्याच्या खांबाची तार उघडी आहे, अशा वेळी ऑनलाइन अर्ज भरत बसू नये. जिवाला धोका असेल तर ९९९, एरवी काउन्सिलचा तातडीचा फोन, जो कार्यालय बंद असतानाही चालू असतो. गॅसचा वास आल्यास ०८०० १११ ९९९, आणि वीज गेल्यास १०५.

बाकी खड्ड्यांसाठी काउन्सिलचा अर्ज किंवा ‘फिक्स माय स्ट्रीट’ ही २००७ पासून चालू असलेली सेवा वापरावी. ती ठिकाण पाहून तक्रार योग्य काउन्सिलकडे पाठवते, त्यामुळे काउंटी की बरो हा घोळ आपोआप सुटतो. फोटो जवळून एक आणि लांबून एक असे दोन काढावेत. जवळच्या फोटोत मापासाठी पट्टी किंवा नाणे ठेवावे, पण त्यासाठी वाहत्या रस्त्यात उतरू नये. मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवावा. खड्ड्यामुळे गाडीचे चाक किंवा सस्पेन्शन बिघडले आणि भरपाई मागितली, तर काउन्सिल हायवेज ॲक्टच्या ५८ व्या कलमाचा आधार घेते: आम्ही ठरल्याप्रमाणे पाहणी करत होतो आणि या खड्ड्याची आम्हाला कल्पना नव्हती. त्याच खड्ड्याची तक्रार कोणीतरी आधीच केलेली असेल, तर हा बचाव लंगडा पडतो. म्हणून गाडी सुखरूप निघाली तरी खड्डा नोंदवण्यात पुढच्या माणसाचा फायदा असतो. कंपनीने खोदलेल्या जागेमुळे नुकसान झाले असेल तर मागणी त्या कंपनीकडे करायची असते, आणि कंपनी कोणती हे नकाशावरील जुन्या नोंदींत सापडते.

सूचना न देता रस्ता बंद केला, पाटी चुकीच्या तारखेची होती किंवा अपंग व्यक्तीला घराबाहेर पडायला वाट ठेवली नाही, अशी तक्रार असेल तर प्रथम काउन्सिलच्या तक्रार विभागाकडे लेखी द्यावी आणि तिच्या सर्व टप्प्यांतून जावे. अंतिम उत्तराने समाधान झाले नाही तर ‘लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समन’कडे, म्हणजे काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे, विनामूल्य दाद मागता येते. प्रकार लक्षात आल्यापासून सर्वसाधारणपणे १२ महिन्यांच्या आत तिथे जावे लागते, आणि जाताना फलकाचा फोटो, परमिट क्रमांक व काउन्सिलचे अंतिम उत्तर जोडावे.